एकाच वर्षातल्या दोन गोष्टी

नात 'जागतिक विकास आणि पर्यावरण' या विषयात एम.ए. करतेय. मी शाळेत हे दोन शब्द वेगवेगळ्या धड्यांत शिकवले. मुळात त्यांचं भांडणच होतं. जून १९७२ मध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद भरली. गरिबीइतकं मोठं प्रदूषण दुसरं कोणतं, असा सवाल इंदिरा गांधींनी तिथे केला. त्याच वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. माणसं पोटासाठी खडी फोडत होती. पण दुष्काळी कामांतून पाझर तलाव आणि नालाबांधही झाले. हाताला काम मिळालं, जमिनीत पाणी मुरलं. 'शाश्वत विकास' हा शब्द जगभर गाजला तो नंतर, १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालाने. नातीला सांगितलंय, अहवाल वाचच. पण एखाद्या पाझर तलावावरही जा आणि तो कुणी खणला ते गावात विचार.