गतिछायाचित्रण आणि परावर्तक कॅमेरा

वेगवान हालचालीतील निर्णायक क्षण स्थिर चित्रात टिपण्याच्या तंत्रास गतिछायाचित्रण म्हणतात. एडवर्ड मायब्रिज याने १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी दौडत्या घोड्याची चित्रे घेतली. घोड्याचे चारही पाय क्षणभर अधांतरी असतात, हे त्यांवरून सिद्ध झाले. पुढे हे काम एकभिंगी परावर्तक कॅमेऱ्याकडे आले. त्याच्या अंकीय प्रकारांपैकी निकॉन डी१ (१९९९) सेकंदाला ४·५ चित्रे घेई. कॅनन ईओएस-१डी एक्स मार्क ३ (२०२०) दृश्यदर्शकातून पाहताना १६ घेतो.

अशा कॅमेऱ्याची खरी परीक्षा खो-खोत होते. अर्जुन पुरस्कारविजेत्या (२०२०) सारिका काळे यांच्यामुळे धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याचे नाव या खेळात ठळक झाले. सेकंदाला ७ मी. वेगाने पळणारा खेळाडू १/१६ सेकंदात सु. ४४ सेंमी. पुढे जातो, म्हणजे स्पर्शाचा क्षण दोन चित्रांच्या मध्ये निसटू शकतो. झडपेचा वेग १/१,००० सेकंद ठेवल्यास विस्थापन ७ मिमी. उरते, परंतु एवढ्या अल्प उद्भासनास मंद प्रकाशात उच्च संवेदनक्षमता लागते. शिवाय पाटीवर बसलेले आठ खेळाडू मध्ये येत असल्याने स्वयंचलित केंद्रीकरण भरकटू शकते. म्हणून मूल्यमापनात चित्रसंख्येपेक्षा केंद्रीकरणाची अचूकता व मंद प्रकाशातील कामगिरी यांना अधिक महत्त्व द्यावे लागते.

आरसारहित सोनी ए९ (२०१७) या कॅमेऱ्याने वेग सेकंदाला २० चित्रांवर नेला व आरसा उचलला जाताना दृश्यदर्शकात होणारा अंधारही टाळला. तथापि ‘खो’ केव्हा मिळेल, हे आधी ओळखण्याची जाण छायाचित्रकारापाशीच असावी लागते.