जुन्या मोटारीचे ब्रेक आणि ‘मूळ’ रूपाचा प्रश्न

जुन्या वस्तूचे जतन करणाऱ्यापुढे एक प्रश्न नेहमीच उभा राहतो: तिचे मूळ रूप कोणते मानावे? मूर्ती किंवा हस्तलिखित एका जागी स्थिर असते. मोटार मात्र रस्त्यावर धावते, आणि तिच्या रूपाशी चालविणाऱ्याचा व वाटसरूंचा जीव निगडित असतो. म्हणूनच जुन्या मोटारीचे ब्रेक बदलावेत की नाहीत, हा वाद केवळ हौशी मंडळींचा राहत नाही. तो इतिहासाच्या साधनांविषयीचा वाद ठरतो. प्रस्तुत लेखात जॅग्वार एक्स-के-१२० या इंग्रजी मोटारीच्या आधारे त्याचा विचार करावयाचा आहे.

ही मोटार १९४८ च्या ऑक्टोबरात लंडनच्या प्रदर्शनात प्रथम दिसली. नावातील १२० हा आकडा ताशी मैलांचा. १९४९ च्या मे महिन्यात बेल्जममधील याब्बेके येथे तिने ताशी १३२ मैलांहून अधिक वेग गाठून तो आकडा सार्थ केला. परंतु तिचे ब्रेक जुन्या पद्धतीचे, म्हणजे चारही चाकांना ड्रमचे होते. वेग दुप्पट झाला की ब्रेकला शोषावी लागणारी ऊर्जा चौपट होते. ती उष्णतेच्या रूपाने बंद ड्रममध्ये साठते. ड्रम तापून प्रसरण पावतो, शूंपासून दूर सरतो आणि लायनिंगचे घर्षणही घटते. परिणामी पेडल अधिकाधिक खाली जाते व ब्रेकचा जोर ओसरतो. या मोटारीचा दोष इंजिनात नव्हता. इंजिनाने जे साधले ते ब्रेकला आवरता येत नव्हते.

उपाय मात्र कल्पनेच्या रूपाने जुनाच होता. फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ मध्येच डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते. उघड्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरावयाचे, म्हणजे उष्णता वाऱ्यावर निघून जाते, हे त्यातील तत्त्व. विमानांच्या चाकांवर या ब्रेकचा अनुभव घेतलेल्या डनलॉप कंपनीने जॅग्वारच्या साहाय्याने ते शर्यतीच्या मोटारीवर आणले. एक्स-के-१२० पासून घडविलेल्या सी-टाइप मोटारीने १९५१ ची ल माँची शर्यत ड्रम ब्रेकवरच जिंकली होती. १९५२ मध्ये त्याच प्रकारच्या मोटारीला डिस्क बसवून स्टर्लिंग मॉस इटलीतील मिल्ले मिल्या शर्यतीत उतरला. तेथे त्याला माघार घ्यावी लागली, परंतु त्याच वर्षी फ्रान्समधील रॅंस येथे तो विजयी झाला. पुढे १९५३ मध्ये टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांनी ल माँ येथे चोवीस तासांची सरासरी प्रथमच ताशी १०० मैलांच्या पुढे नेली. या यशात ब्रेकचा वाटा मोठा होता. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी वेग उशिरा आवरता येणे, आणि तेही फेरीमागून फेरी, हा लाभ प्रतिस्पर्ध्यांपाशी नव्हता. १९५७ च्या एक्स-के-१५० या मोटारीत चारही चाकांचे डिस्क ब्रेक सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ड्रम काढून डिस्क बसविणे ही आजच्या मालकांची लहर नव्हे. तो बदल खुद्द कारखान्याने, त्याच घराण्याच्या मोटारीवर, पाच वर्षांच्या आत केला. मात्र तो केवळ एक भाग बदलण्याचा प्रकार नाही. ड्रमचा एक शू चाकाच्या फिरण्यानेच आत ओढला जातो व पायाच्या जोराला साहाय्य करतो. डिस्कमध्ये ही सोय नसल्याने सर्व्होची गरज भासते. मास्टर सिलिंडरने ढकललेले ब्रेक ऑइल नव्या पिस्टनांना पुरले पाहिजे. ड्रमच्या नळ्यांत थोडा दाब कायम राखणारी झडप तशीच राहिली, तर डिस्कवर पॅड घासत राहतात. पुढच्या व मागच्या चाकांतील जोराची वाटणी बिघडून मागची चाके आधी अडकली, तर गाडी आडवी फिरते. तात्पर्य, एक अवयव बदलला की संपूर्ण व्यवस्थेचा विचार नव्याने करावा लागतो. भाषेतील एखादा प्रत्यय लोपला की वाक्यरचनेला त्याचा भार अन्यत्र वाहावा लागतो, तसाच हा प्रकार आहे.

शुद्धतावाद्यांचे म्हणणे असे की, डिस्क बसविलेली एक्स-के-१२० ही १९५० ची साक्षीदार उरत नाही. त्या काळच्या चालकाला वेगाची कोणती किंमत मोजावी लागे, हे तिच्यावरून कळेनासे होते. हे म्हणणे खरे आहे. परंतु ड्रम राखल्याने सारे मूळ राखले जाते, हा समज टिकत नाही. त्या काळच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. ब्रिटनमध्ये १९९९ साली त्यावर व्यापक बंदी आली आणि पुढे ते लायनिंग बाजारातून गेले. आज ‘मूळ’ ड्रमच्या आतही घर्षण करणारा पदार्थ नवाच असतो. ‘मूळ’ या एकाच शब्दाने आपण कारखान्यातून निघालेले रूप, आकृतीचे सातत्य आणि द्रव्याचे सातत्य अशा तीन गोष्टी सुचवितो. वादाचा बराचसा भाग या संदिग्धतेतून उद्भवतो.

यातून मार्ग कोणता? जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१२-१३ मध्ये सिद्ध केलेली ट्युरिन सनद वास्तुजतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेला अनुसरते. आवश्यक बदल शक्य तो परत फिरविता येण्याजोगा असावा व त्याची नोंद राहावी, अशी तिची दिशा आहे. मराठी अभ्यासकाला ही दृष्टी परकी वाटू नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना स्वीकृत पाठ वर छापला, परंतु नाकारलेले पाठभेद फेकून दिले नाहीत. ते तळाशी नोंदविले. रस्त्यावर नित्य धावणाऱ्या मोटारीला डिस्क लावण्यास हरकत नसावी. मात्र त्यासाठी जुन्या सांगाड्यावर नवी भोके पाडू नयेत, काढलेले ड्रम व सिलिंडर जपावेत आणि बदलाचे वर्ष व कारण लिहून ठेवावे. साधनाचा घात बदलाने होतो त्याहून अधिक तो बदलाच्या नोंद न राहण्याने होतो.