नागपूरच राजधानी राहिलं असतं तर?

आजचा भाग भिलाईच्या सेक्टर १० मधून, आणि प्रश्नही इथलाच. १९५६ मध्ये नागपूरचं राजधानीपण गेलं नसतं, तर भिलाईतला मराठी माणूस ‘परराज्यातला’ ठरला असता का?

जर-तरच्या इतिहासाला एक नियम हवा, नाहीतर त्या नुसत्या गप्पा होतात. जी शक्यता त्या वेळच्या माणसांसमोर खरोखर होती, तिचाच विचार करायचा. ब्राझीलचं उदाहरण घ्या. तिथे लष्करी राजवट असताना, २५ एप्रिल १९८४ ला, राष्ट्राध्यक्ष थेट जनतेनं निवडावा अशी घटनादुरुस्ती कनिष्ठ सभागृहात मताला आली. हवी होती ३२० मतं, मिळाली २९८. थेट निवडणूक व्हायला मग १९८९ उजाडलं. ‘ती बावीस मतं पडली असती तर?’ हा प्रश्न ब्राझीलच्या माणसाला पडला तर तो रास्त आहे, कारण ती शक्यता हाताच्या अंतरावर होती.

हीच कसोटी आता नागपूरला लावू.

नागपूर आणि छत्तीसगढ यांचं नातं १९५६ च्या खूप आधीचं. १७४१ च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांची फौज इथे आली. पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरहून कारभार केला. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार केला, आणि १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडला. १९५० मध्ये या प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं. राजधानी मात्र नागपूरच राहिली.

आता दोन तारखा शेजारी ठेवा. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार झाला २ फेब्रुवारी १९५५ ला. राज्य फुटलं १ नोव्हेंबर १९५६ ला. म्हणजे एकवीस महिने भिलाईची राजधानी नागपूर होती. हा कारखाना छत्तीसगढात यावा म्हणून धडपडणारे मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल रायपूरचे, पण त्यांचं सरकार बसत होतं नागपुरात. त्या महिन्यांत भंडाऱ्याचा माणूस इथे कामाला आला असेल, तर तो स्वतःच्याच राज्यात आला होता. तो जागचा हलला नाही, सीमाच त्याच्या अंगावरून गेली.

मग हे जुनं राज्य टिकलं असतं का? मला तसं वाटत नाही. हिंदी महाकोशल आणि मराठी विदर्भ यांची ओढाताण १९३८ मध्येच चव्हाट्यावर आली होती. डॉ. ना. भा. खरे यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, तेव्हा शुक्लांसह महाकोशलच्या मंत्र्यांनी राजीनामे द्यायला नकार दिला. वाद काँग्रेसश्रेष्ठींपर्यंत गेला, खरे गेले आणि शुक्ल आले. पुढे १९४७ च्या अकोला कराराला आणि १९५३ च्या नागपूर कराराला विदर्भातले जे नेते बसले, ते संयुक्त महाराष्ट्राच्या अटी ठरवत होते. लोकनायक बापूजी अणे आणि ब्रिजलाल बियाणी यांना स्वतंत्र विदर्भ हवा होता. इकडे डॉ. खूबचंद बघेल १९५६ मध्ये छत्तीसगढ महासभा उभी करत होते. घरातले सगळेच सामान बांधून बसले, तर ते घर किती दिवस टिकणार?

जिवंत शक्यता होती ती दुसरी. फाजल अली आयोगानं सप्टेंबर १९५५ च्या अहवालात आठ मराठी जिल्ह्यांचं वेगळं विदर्भ राज्य सुचवलं होतं. ते मान्य झालं असतं, तर नागपूर राजधानी राहिलं असतं, आणि १९३६ पासूनचं उच्च न्यायालय जबलपूरला जायचं कारणही उरलं नसतं. मुंबईच्या राजकारणाचं गणितही बदललं असतं. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीनं काँग्रेसला धूळ चारली. यशवंतरावांचं सरकार तरलं ते गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्यातल्या जागांवर. त्यातून विदर्भाच्या जागा वजा करून बघा, म्हणजे सरकारला किती कसरत करावी लागली असती ते कळेल.

पण भिलाईचं काय? त्या नकाशातही दुर्ग जिल्हा हिंदी मध्य प्रदेशातच राहिला असता. लोहखनिज दल्ली-राजहऱ्याचंच आलं असतं, आणि कामगार देशभरातून आले असते. सीमा विदर्भाची असो की महाराष्ट्राची, इथला मराठी माणूस तिच्या पलीकडेच राहिला असता. आपल्याकडे ‘नागपूर गेलं म्हणून आपण उपरे झालो’ अशी हळहळ ऐकू येते. कसोटीला लावली तर ती टिकत नाही.

मग खरा जर-तर कुठे आहे? त्याच आयोगाच्या अहवालात. सीमा कुठेही आखली तरी काही माणसं पलीकडे राहणारच, हे आयोगानं ओळखलं होतं. म्हणून त्यानं भाषिक अल्पसंख्याकांसाठी संरक्षण सुचवलं. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं कलम ३५०-क आलं: अशा मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्यानं आणि स्थानिक संस्थेनं करावा. ३५०-ख नं त्यावर लक्ष ठेवायला खास अधिकारी नेमला. म्हणजे ज्या दुरुस्तीनं नवी राज्यरचना घटनेत बसवली, तिनंच पलीकडे राहिलेल्यांच्या हातात एक कागदही दिला.

तो कागद आपण किती वेळा दाखवला? विदर्भ राज्याचा निर्णय दिल्लीत होणार होता, त्यात आपल्या आजोबांना कोणी विचारलं नाही. मातृभाषेच्या वर्गाची मागणी मात्र पालकांनी करायची असते. इथे सेक्टरांमध्ये बऱ्याच शाळा कारखान्यानंच उभारल्या. देशभरातली माणसं शेजारी राहत होती, आणि सगळ्यांना जोडणारी भाषा हिंदी झाली. मुलाच्या नोकरीच्या दृष्टीनं हिंदी आणि इंग्रजी निवडणाऱ्या पालकांना दोष देता येत नाही. पण मराठी मागेही पडली ती अशाच घराघरांतल्या निर्णयांनी. १९५६ च्या नकाशानं नव्हे.

नागपूरचा जर-तर १ नोव्हेंबर १९५६ ला मिटला. ३५०-क चा मिटलेला नाही. ते कलम आजही घटनेत आहे, आणि भिलाईइतकंच इंदूर, बेळगाव, वडोदरा, हैदराबादच्या मराठी घरांनाही लागू आहे. तुमच्या गावात मराठी शाळा होती का, कोणी मागितली होती, कधी बंद पडली, हे घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला विचारा आणि तारखेसकट लिहून ठेवा. पुढच्या भागात भेटू.