मोटारीचा श्वास आणि शहराची हवा

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवणाऱ्याला 'हवा' हा शब्द वारंवार थांबवतो. मूळ अरबी, तिथून फारसी-उर्दूत आणि पुढे मराठीत आला. उर्दूत हवा म्हणजे श्वासात घ्यायची हवा, आणि 'हिर्स-ओ-हवा' म्हटलं की तीच हवा लालसा होते. मराठीत 'मला जास्त वेग हवा' म्हणतो तो 'हवा' वेगळ्या मुळाचा, पण कानाला तोच. आज ज्या छोट्याशा वस्तूचा इतिहास सांगायचा आहे, तिच्यात हे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. ती वस्तू म्हणजे मोटारीचं इंजिन जिथून हवा ओढतं ती नळी. कंपनीने दिलेली काढून बाजारातली दुसरी, घरच्या घरी, आपल्या हाताने बसवण्याची हौस जगभर आहे. आमच्या शाळेतली मोठी मुलंही मोबाइलवर असे व्हिडिओ मन लावून पाहतात. त्यांना वाटतं हा नव्या जमान्याचा शौक आहे. प्रत्यक्षात याला ऐंशी वर्षांहून अधिक इतिहास आहे, आणि तो घडला अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात.

आधी मूळ गोष्ट. आपण गाडीत पेट्रोल भरतो आणि गाडी पेट्रोलवर चालते असं म्हणतो. हे अर्धंच खरं. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे इंजिन साधारण नऊ हजार लिटर हवा पिऊन टाकतं. ही हवा आपण विकत घेत नाही, म्हणून तिचा हिशेब कुणी ठेवत नाही. हवा थंड असेल तर ती दाट असते. उन्हाळ्यातल्या तापमानाला दर तीन अंशांमागे तिची घनता जवळपास एक टक्क्याने बदलते. थंड आणि मोकळी हवा मिळाली तर तेवढ्याच सिलिंडरमध्ये जास्त इंधन जाळता येतं. सगळ्या शौकाचा पाया एवढाच आहे.

गंमत अशी की मोटारीच्या सुरुवातीच्या काळात उलटं चाललं होतं. १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीला कारखान्यातून एअर फिल्टर येतच नसे. उलट धुराड्याच्या गरम नळीभोवतीची तापलेली हवा कार्बुरेटरला मिळावी म्हणून वेगळी नळी दिलेली असे. त्या काळचं पेट्रोल सहज वाफ होणारं नव्हतं, त्याला ऊब लागायची. फिल्टरची खरी गरज आधी शेतात कळली. ट्रॅक्टर धुळीतच चालतो, आणि रेतीचा कण इंजिनात गेला की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर कानशीने घासावं तसे घासून काढतो. फ्रँक डोनाल्डसन हा ट्रॅक्टर विकणारा माणूस. गिऱ्हाईक शेतकऱ्याचा ट्रॅक्टर धुळीने बंद पडला म्हणून त्याने हवा गाळण्याचं साधन बनवलं आणि १९१५ साली त्याच नावाची कंपनी सुरू झाली. पुढे तेलाच्या वाटीवरून हवा फिरवून धूळ चिकटवणारे फिल्टर आले, आणि १९५०च्या दशकात घड्यांच्या कागदाचे. म्हणजे फिल्टर हा इंजिनाचा पहारेकरी म्हणून आला. आणि पहारेकरी दारात उभा राहिला की वाट थोडी अडणारच.

ही अडचण ज्यांना खुपली ते कॅलिफोर्नियातले तरुण कारागीर होते. लॉस एंजेलिसच्या पलीकडे मोहावी वाळवंटात मुरॉकसारखी सुकलेली सरोवरं आहेत, मैलोन्मैल सपाट. १९३०च्या दशकात तिथे जुन्या फोर्ड गाड्या घेऊन मुलं शर्यती लावत. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी मिळून वेळ मोजणारी संघटनाही काढली. याच वर्तुळात व्हिक एडलब्रॉक होता, कॅन्सासहून आलेला गॅरेजवाला. त्याच्याकडे १९३२ची फोर्ड रोडस्टर होती. तिच्या आठ सिलिंडरच्या इंजिनाला दोन कार्बुरेटर बसतील असा नवा मॅनिफोल्ड, म्हणजे हवा-इंधनाचं मिश्रण सिलिंडरांत वाटणारा ओतीव भाग, त्याने तयार केला. गाडी पळाली तसं इतरांनी विचारलं, आम्हालाही बनवून दे. घरच्या खटपटीचा धंदा झाला तो असा. महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्या, यंत्रांना हात लावायला न घाबरणाऱ्या तरुणांनी या शौकाला बळ दिलं. जानेवारी १९४८मध्ये 'हॉट रॉड' मासिक निघालं. १९६३ साली अशा सुट्या भागांच्या उत्पादकांनी आपली संघटना स्थापन केली, तीच आजची 'सेमा'.

ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांचा उपाय आणखी सोपा होता. कार्बुरेटरवरच्या गोल एअर फिल्टरचं झाकण उलटं करून बसवायचं. फटीतून जास्त हवा जायची आणि इंजिन गुरगुरायचं. फक्त एक नट सोडवायचा, खर्च शून्य. ताकद किती वाढली हा प्रश्न वेगळा. आवाज मात्र नक्की वाढायचा.

आता याच शहराची दुसरी बाजू. जुलै १९४३मध्ये लॉस एंजेलिसवर असा दाट, डोळे झोंबवणारा थर उतरला की युद्धाच्या त्या दिवसांत लोकांना शत्रूने विषारी वायू सोडल्याची शंका आली. शत्रू कुणी नव्हता. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की गाड्या आणि तेल कारखान्यांतून सुटणारी न जळलेली हायड्रोकार्बन्स आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र येऊन ओझोन तयार करतात. शहराभोवती डोंगर, वर ऊन, मध्ये लाखो गाड्या. ज्या उन्हाचं आणि रस्त्यांचं कौतुक होतं, त्यांनीच हा धूर शिजवला होता.

सरकारने पहिला हात घातला तो इंजिनाच्या हवेच्या वाटेलाच. पूर्वी पिस्टनच्या कडेने खाली झिरपणारे वायू एका नळीतून थेट रस्त्यावर सोडले जात. १९६१च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात ते पुन्हा इंजिनाच्या श्वासात मिसळून जाळायची सक्ती झाली. १९६७ साली राज्याचं हवा मंडळ स्थापन झालं आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले हेच हागेन-स्मिट. म्हणजे एअर फिल्टरचा डबा आता नुसता गाळणी राहिला नाही. त्याला जोडलेल्या प्रत्येक बारीक नळीमागे शहराचा एक नियम उभा राहिला. घरात बसून डबा काढणाऱ्याला ती नळी निरुपयोगी वाटते. ती तशी मोकळी सोडली की घाण पुन्हा रस्त्यावर येते.

१९७०च्या केंद्रीय कायद्याने प्रदूषण रोखणाऱ्या भागांत छेडछाड करायला बंदी घातली. इथे दोन टोकं समोरासमोर आली. एक म्हणत होतं, गाडी माझी, पैसे माझे, पाना माझा. दुसरं म्हणत होतं, श्वास सगळ्यांचा. कॅलिफोर्नियाने यातून जी वाट काढली ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते. तिथल्या वाहन कायद्याचं कलम २७१५६ असे बदल मुळात नाकारतं, पण एक दार उघडं ठेवतं. सुटा भाग बनवणाऱ्याने चाचणी देऊन दाखवावं की या भागाने प्रदूषणावरचं नियंत्रण बिघडत नाही. ते पटलं तर मंडळ त्याला आदेश क्रमांक देतं. तो क्रमांक छापलेली पट्टी बॉनेटखाली चिकटवायची. १९८४पासून सुरू झालेल्या नियमित धूर तपासणीत तपासनीस बॉनेट उघडून तीही पाहतो. कारागिराला चोर ठरवलं नाही आणि शेजाऱ्याच्या फुप्फुसांनाही वाऱ्यावर सोडलं नाही.

दरम्यान यंत्रही बदललं होतं. १९६९ साली कॅलिफोर्नियातल्याच रिव्हरसाइडमध्ये मोटारसायकलच्या धंद्यातून 'के अँड एन' उभी राहिली आणि तिचा तेल लावलेल्या सुती जाळीचा, धुऊन पुन्हा वापरता येणारा फिल्टर जगभर गेला. कार्बुरेटर जाऊन इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं. हवा किती आत येते हे आता एक तापवलेली बारीक तार मोजते: हवा तिला जितकी गार करते, त्यावरून संगणक पेट्रोल ठरवतो. १९९०च्या दशकात होंडा सिव्हिकसारख्या छोट्या जपानी गाड्यांवर कॅलिफोर्नियातल्या नव्या पिढीने हाच शौक पुन्हा रंगवला. डब्याऐवजी चकचकीत ॲल्युमिनियमची नळी आणि टोकाला शंकूच्या आकाराचा फिल्टर.

हे काम घरी करणं अवघड नाही, म्हणूनच ते टिकलं. बॅटरीची ऋण वायर काढायची, मोजणाऱ्या सेन्सरचा प्लग अलगद सोडवायचा, क्लॅम्प ढिले करून डबा उचलायचा, नवी नळी बसवून सेन्सर बाणाच्या दिशेने परत लावायचा, प्रत्येक छोटी नळी पुन्हा जोडायची आणि इंजिन चालू करून कुठे फुसफुस ऐकू येते का ते पाहायचं. चूक झाली तरी ती इथेच होते. फिल्टरला तेल जास्त झालं तर ते तारेवर बसतं आणि मोजमाप बिघडतं. फिल्टर इंजिनाच्या उष्णतेपासून अलग केला नाही तर थंड हवेच्या नावाने गरमच हवा आत जाते. आणि थंड हवेसाठी तो खाली बंपरमागे नेला तर साचलेल्या पाण्यात इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बुडालेल्या गाडीला चावी मारू नये, हा धडा २६ जुलै २००५ने मुंबईला पुरेसा दिलेला आहे.

ताकदीचं म्हणाल तर आजच्या साध्या गाडीत फरक थोडाच पडतो. कंपनीचा बेढब दिसणारा डबा विचार करून बनवलेला असतो. त्यातले पोकळ कप्पे आवाज गिळायला असतात. ते काढले की गाडी गुरगुरते, आणि कान मनाला सांगतात की वेग वाढला.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८चं कलम ५२ आहे. नोंदणीच्या कागदात लिहिलेला तपशील उत्पादकाने ठरवल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. सीएनजी किटचं मात्र आपण वेगळं केलं आहे: मान्यता मिळालेलं किट बसवा, नोंद करून घ्या, आणि बिनघोर चालवा. हीच पद्धत इतर सुट्या भागांना का लावू नये? आमच्या मोहल्ल्यांतले किती तरी हात गॅरेजमध्येच शिकलेले आहेत. त्या हातांना 'हे बेकायदा' एवढंच सांगून आपण मोकळे होतो. चाचणी काय असते, धूर कशाने वाढतो, ती बारीक नळी कशासाठी आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. मग काम होतंच, फक्त चोरून आणि अर्धवट ज्ञानाने.

नऊ हजार लिटर हवेचं बिल येत नाही, पण ते कुणीतरी भरतं. बहुधा सिग्नलवर उभा असलेला वाहतूक पोलीस, फुटपाथवरचा फळविक्रेता, आणि शाळेच्या फाटकाशी रिक्षाची वाट पाहणारी मुलं.