‘सेट’ : एका लहान शब्दाचा मोठा संसार

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला कठीण शब्द कोणते, असें विचारलें तर तो लांबलचक शब्दांकडे बोट दाखवील. परंतु लांब शब्द दिसावयास भयंकर असले तरी स्वभावानें गरीब असतात. त्यांना बहुधा एकच अर्थ असतो, आणि तो एकदां पाठ झाला म्हणजे ते सहसा फसवीत नाहींत. खरी फसवणूक करतात ते तीन-चार अक्षरांचे, घरोब्याचे शब्द. ‘सेट’ हा अशा शब्दांचा मुकुटमणि होय. हिरा कोंदणांत बसविणें, मोडलेलें हाड जागेवर आणणें, टेबलावर ताटें मांडणें, उंदरासाठीं सापळा लावणें, घड्याळ लावणें, प्रश्नपत्रिका काढणें, कवितेला चाल देणें, छापखान्यांत खिळे जुळविणें, हीं सर्व कामें हें एकच क्रियापद करतें. त्याच क्रियापदानें सूर्य मावळतो, सिमेंट घट्ट होतें, बंदिवान मुक्त होतो आणि घराला आगही लागते. इतक्या भिन्न कामांना एकच शब्द कसा पुरला, हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाहीं. तो इतिहासाचा आहे.

‘सेट’चें प्राचीन इंग्रजी रूप ‘सेटन्’ असें होतें आणि त्याचा मूळ अर्थ ‘बसावयास लावणें’ असा होता. ‘सिट’ म्हणजे बसणें आणि ‘सेट’ म्हणजे बसविणें, असें हें साध्या व प्रयोजक क्रियापदांचें जोडपें आहे. संस्कृतांत तेंच जोडपें ‘सीदति’ आणि ‘सादयति’ या रूपांत दिसतें. इंग्रजी संस्कृतापासून निघाली, असा याचा अर्थ नव्हे. दोघींची आदिजननी एक होती आणि ‘सद्’ धातूचा वारसा दोघींकडे स्वतंत्रपणें आला, एवढेंच त्यावरून ठरतें. सभेला ‘सदस्’ म्हणणारा वैदिक ऋषि आणि टेबलावर बशा मांडणारी लंडनची गृहिणी यांच्या तोंडीं एकाच बीजाचे अंकुर आहेत.

मूळ अर्थ हातीं लागला म्हणजे गोंधळ बराच निवळतो. मराठींतही सोनार खडा बसवितो, हाडवैद्य हाड बसवितो, नाटकमंडळी नाटक बसविते आणि सरकार कर बसवितें. ‘बसणें’ हा शब्द ‘उपविश्’पासून ‘बैसणें’ या रूपांतून आला. ‘सद्’शीं त्याचा रक्ताचा संबंध नाहीं. तरीही खडा आणि हाड या दोन्ही ठिकाणीं मराठी व इंग्रजी एकाच पाऊलवाटेनें गेल्या, कारण ती वाट अनुभवानें पडलेली आहे. जी वस्तु नेमक्या जागीं बसली ती हालत नाहीं. या अनुभवांतून दोन ओघ निघाले. जागा नेमून देणें हा पहिला. किंमत ठरविणें, तारीख नेमणें, घड्याळ लावणें हे त्याचे फांटे. स्थिरावणें हा दुसरा. सिमेंट घट्ट होणें, दही लागणें हे त्याचे फांटे. सूर्य मावळणें याच्या मुळाशींही बसण्याचीच कल्पना आहे : दिवसभर चाललेला सूर्य अखेर खालीं बसतो. संस्कृतांत हाच धातु ‘प्रसन्न’ या शब्दांत आहे. गाळ खालीं बसून निवळलेलें पाणी तें प्रसन्न, आणि तसेंच निवळलेलें मन तेंही प्रसन्न.

मग कोशांत ‘सेट’च्याच नांवावर एवढे अर्थ कां साचावे? याचें उत्तर दोन भाषांच्या शब्द घडविण्याच्या रीतींत आहे. संस्कृतांत धातूच्या आधीं उपसर्ग लागतो आणि नवा शब्द जन्मतो. ‘सद्’पासून प्रसाद, विषाद, अवसाद, संसद्, परिषद्, उपनिषद् असे शब्द झाले, आणि कोशांत प्रत्येकाला स्वतंत्र घर मिळालें. प्राचीन इंग्रजीचीही हीच रीत होती. ‘आसेटन्’, ‘बेसेटन्’, ‘यिसेटन्’ अशीं रूपें त्या काळीं प्रचारांत होतीं. त्यांतलें ‘बिसेट’, म्हणजे वेढणें, अजून जिवंत आहे. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें आणि पुढील शतकांत फ्रेंच व लॅटिन शब्दांचा लोंढा आला. दरबार, न्यायालय आणि पाठशाळा यांत नव्या शब्दांना मान मिळाला. जुन्या उपसर्गांची सद्दी संपत गेली. शेतांत, स्वयंपाकघरांत आणि सुताराच्या कामावर मात्र जुने आंखूड शब्दच टिकून राहिले. उपसर्गांचें काम शब्दामागून येणाऱ्या लहान अव्ययांनीं उचललें. ‘सेट अप’ म्हणजे उभारणें, ‘सेट आउट’ म्हणजे प्रवासाला निघणें, ‘सेट इन’ म्हणजे थंडीपावसानें सुरू होऊन ठाण मांडणें. हीं अव्ययें मूळ शब्दाशीं एकजीव न होतां सुटीं राहिलीं. त्यामुळें संस्कृतांत जी मिळकत अनेक मुलांच्या नांवें वांटली गेली, ती इंग्रजींत बापाच्या एकाच खात्यावर जमा राहिली.

नामाची कथा वेगळी आहे. चहाच्या भांड्यांचा सेट किंवा पुस्तकांचा सेट हा क्रियापदाचाच मुलगा असावा, असें कोणासही वाटेल. पण त्याचा एक झरा लॅटिन ‘सेक्टा’ या शब्दांत आहे. ‘सेक्टा’ म्हणजे अनुसरण, आणि त्यावरून एका गुरूला अनुसरणाऱ्यांचा पंथ. जुन्या फ्रेंचमधून तो ‘सेट’ होऊन इंग्रजींत आला. त्याच्या मुळाशीं असलेल्या लॅटिन धातूचा संस्कृत बंधु ‘सच्’. बरोबर असणें, मागोमाग जाणें हा त्याचा अर्थ, आणि ‘सचिव’ हा शब्द त्याच कुळांतला. अनुयायांचा समूह आणि एकत्र मांडलेल्या वस्तूंचा समूह हे अर्थ शेजारीं आले, उच्चारही एकच होता. मग दोन घराण्यांमधली भिंत पडावयास वेळ लागला नाहीं. चहाच्या साध्या सेटमध्यें अशा रीतीनें ‘संसद’ आणि ‘सचिव’ या दोघांचेही नातलग एकत्र आले आहेत.

हा सारा हिशेब मांडण्यांत माणसांचीं आयुष्यें खर्ची पडलीं. १७५५ सालच्या आपल्या कोशांत सॅम्युएल जॉन्सन यांनीं ‘टेक’ या क्रियापदाचे १३४ अर्थ नोंदविले, तेव्हांच लहान शब्दांचा आवांका दिसून आला होता. पुढें १८७९ सालीं जेम्स मरे यांनीं ऑक्सफर्डच्या महाकोशाचें संपादन पत्करलें. दहा वर्षांत चार खंड निघतील, असा अंदाज होता. पांच वर्षांनीं, १८८४ सालीं, पहिला भाग निघाला तो ‘अँट’ या शब्दापर्यंतच पोंचला होता. स्वयंसेवक वाचक जुने ग्रंथ वाचून वाक्यें चिठ्ठ्यांवर उतरून पाठवीत. मरे यांची तक्रार अशी कीं, वाचकांना नवलाचा शब्द दिसे, नित्याचा दिसतच नसे. ‘अब्यूझन’ या विरळ शब्दाच्या सुमारें ५० चिठ्ठ्या आल्या. रोजच्या ‘अब्यूझ’ शब्दाच्या ५ देखील नव्हत्या. उंबऱ्यावरच्या माणसाकडे कोणी निरखून पाहत नाहीं, तसेंच हें झालें. ‘सेट’चें प्रकरण ज्यांच्या वांट्याला आलें ते सहसंपादक हेन्री ब्रॅडली. मरे १९१५ सालीं वारले, ब्रॅडली १९२३ सालीं. आणि ४,१४,८२५ शब्दांचा तो कोश १९२८ सालीं पुरा झाला. त्याच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाचीच होती : सुमारें ४३० अर्थ आणि ६०,००० शब्दांचें विवरण. पुढील आवृत्तीसाठीं ‘रन’ या क्रियापदाची नोंद नव्यानें लिहिली गेली तेव्हां ती ६४५ अर्थांवर गेली आणि हा मान ‘सेट’कडून निघून गेला, असें २०११ सालीं जाहीर झालें.

मिशेल ब्रेआल या फ्रेंच पंडितानें १८९७ सालच्या आपल्या ग्रंथांत या अनेकार्थतेचें मर्म सांगितलें आहे : नवा अर्थ आला म्हणून जुना मरत नाहीं, दोघेही शेजारीं नांदतात. बोलणाऱ्याला त्याची अडचण वाटत नाहीं, कारण प्रसंगच योग्य तो अर्थ पुढें करतो. अडचण येते ती भाषांतर करणाऱ्याला. मोल्सवर्थ यांनीं आरंभिलेला आणि कँडी यांनीं पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं तयार झाला, तेव्हांपासून हें ओझें मराठी लेखणीवर आहे. एका ‘सेट’साठीं तिला बसविणें, लावणें, मांडणें, ठेवणें, नेमणें, जुळविणें, मावळणें असे अनेक शब्द हाताशीं ठेवावे लागतात. उलट ‘लावणें’ या मराठी शब्दाचा झाड, दिवा, आग, अर्थ आणि जीव यांच्याशीं असलेला संसार इंग्रज भाषांतरकाराला तितकाच दमवितो.

यांत चुकण्याची किंमत कधीं कधीं मोठी असते. न्यायालयानें हुकूमनामा ‘सेट असाइड’ केला, याचें भाषांतर कोणी ‘बाजूस ठेवला’ असें केलें तर तो हुकूम अजून शिल्लक आहे, असें पक्षकार समजेल. वास्तविक तो रद्द झालेला असतो. दोन्ही शब्द कोशांत सांपडतात. पण शेताचा किंवा घराचा निकाल ज्यावर ठरावयाचा तो अर्थ त्यांतल्या एकाच शब्दांत असतो. म्हणून लहान शब्दाला त्याचा अर्थ विचारण्याआधीं तो कोणाच्या संगतींत आला आहे, हें विचारावें. पंडितांना जें ४३० कलमांत मांडावें लागलें, तें इंग्रज मूल आईच्या मांडीवर बसून शिकतें. परक्याला मात्र तें एकेका वाक्यांतून, सावकाशीनेंच मिळवावें लागतें.