सहा इयत्तांचे माप

सरकारच्या पैशाने चालणारी शाळा चांगली की वाईट, हे ठरवावे कसे? श्रोतेहो, हा प्रश्न जुनाच आहे. इंग्लंडने १८६२ साली त्याला एक रोखठोक उत्तर दिले. मुलांपैकी थोडीच नीट लिहिण्यावाचण्यास शिकतात, अशी न्यूकॅसल आयोगाची तक्रार होती. शिक्षणखात्याचा कारभार पाहणाऱ्या रॉबर्ट लो यांनी मग नवी नियमावली आणली. वाचन, लेखन व गणित यांच्या सहा इयत्ता आखल्या गेल्या. पहिलीच्या मुलाने वीसपर्यंतचे अंक ओळखावे. सहावीच्याने वर्तमानपत्रातील साधा परिच्छेद वाचावा. शाळेला सरासरी हजेरीवर दर मुलामागे चार शिलिंग आणि परीक्षेवर आठ शिलिंग. एका विषयात मूल नापास झाले की त्यातून दोन शिलिंग आठ पेन्स वजा!

हिशेब किती स्वच्छ दिसतो! सरकारचा खर्चही खरोखर उतरला: १८६१ मधील सुमारे ८ लक्ष १३ हजार पौंडांचे अनुदान १८६५ पर्यंत ६ लक्ष ३७ हजारांच्या घरात आले. पण शिक्षणाचे काय झाले? मास्तरांची भाकरी निकालाला बांधली गेली. मुले वाचनाचे पुस्तकच पाठ करू लागली. ज्याला पैसे नाहीत तो विषय मागे पडला. कवी मॅथ्यू अर्नोल्ड हे स्वतः शाळा-तपासनीस होते. लिहिणे, वाचणे व हिशेब खऱ्या अर्थाने न येताही मुलांना परीक्षेतून पार करता येते, असे त्यांनी १८६९ च्या अहवालात बजावले. तरी ही पद्धत पुरती जाण्यास १८९७ साल उजाडले. आपल्या मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान देण्याची चाल होती. हिंदुस्थान सरकारने १९०४ च्या ठरावात प्राथमिक शाळांपुरती ती निकालात काढली.

मग माप नकोच काय? तसे नव्हे. मापाशिवाय गरिबाच्या मुलाची हेळसांड कुणाच्या ध्यानातच येणार नाही. लो यांचा तो हेतू खोटा नव्हता. चूक झाली ती पुढे. जी रेषा किमान म्हणून आखली, तीच कमाल होऊन बसली. आणि जे माप रोग दाखवण्यासाठी होते, त्यानेच दंड वसूल होऊ लागला. नापास मुलांची शाळा आधीच दुबळी. तिचेच पैसे कापले, तर ती सुधारावी कशाने?

वैद्य नाडी पाहतो ती औषध देण्यासाठी. ताप चढला म्हणून रोग्याची पेज कोणी बंद करीत नाही. परीक्षेची रेषा आखणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले, तरी पुष्कळ झाले.