थँक्सगिव्हिंगची बालगीते

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगनिमित्त प्राथमिक शाळांच्या संगीतवर्गात गायिल्या जाणाऱ्या गीतांपैकी दोन विशेष परिचित आहेत. लिडिया मारिया चाइल्ड यांच्या ‘ओव्हर द रिव्हर अँड थ्रू द वूड’ (१८४४) या गीतात मूल बर्फावरील घोड्याच्या गाडीतून आजोबांकडे निघते. लाकडी ठोकळ्यांवर टापांचा ठेका धरला की गीताचा खेळ होतो. पुष्कळ जण ते नाताळचेच समजतात!

दुसरे ‘वी गॅदर टुगेदर’. त्याचा इतिहास आपणां कॅथलिकांना विचार करावयास लावणारा आहे. १५९७ साली डचांनी टर्नहाउट येथे कॅथलिक स्पेनवर मिळविलेल्या विजयाशी या स्तोत्राचा संबंध जोडला जातो. ते १६२६ मध्ये प्रसिद्ध झाले. थिओडोर बेकर यांनी १८९४ मध्ये इंग्रजीत आणले. आज तेथील कॅथलिक मंदिरांतही ते गायिले जाते. वरच्या इयत्तांना शिकविताना ही पार्श्वभूमी वगळू नये.